फळा पुसट की नजर?

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं घालते.

समजा, माझ्या टेबलावर एकाच मुलाच्या दोन वह्या आहेत. पहिली वही श्रुतलेखनाची. बाईंनी वाक्य म्हणायचं आणि मुलांनी ऐकून लिहायचं. या वहीत दहा वाक्यांत जेमतेम एक चूक. दुसरी वही गणिताची. फळ्यावरची उदाहरणं उतरवून घ्यायची आणि सोडवायची. तिच्यात मात्र लाल शाईचा नुसता सडा पडलाय! ३८ चे ६८ झालेत, ४ चा ५ झालाय, बेरजेच्या चिन्हाचं गुणाकाराचं चिन्ह झालंय. आणि गंमत बघा, त्याने जे उतरवून घेतलंय त्याचं उत्तर बरोबर आहे. ६८ मधून १५ गेले की ५३ च उरतात ना? पण बाईंनी फळ्यावर लिहिले होते ३८.

सांगा पाहू, या मुलाचं काय बिघडलंय?

‘गणित कच्चं आहे,’ असं काही जण म्हणतील. कुणी म्हणेल, ‘धांदरट आहे.’ घरी आई म्हणत असेल, ‘लक्षच नसतं मेल्याचं अभ्यासात.’ पण दोन्ही वह्या पुन्हा शेजारी शेजारी ठेवा. कानाने ऐकून लिहिलेलं बरोबर आणि डोळ्यांनी पाहून लिहिलेलं चूक. डोकं तर दोन्हीकडे तेच! मग गडबड कुठे आहे? हं, आत्ता कसं ओळखलंत! या मुलाला फळा नीट दिसत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा सुरू झाली की जून-जुलैत एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी वर्गातल्या अशा वह्या जोडीने काढून बसते. एखाददुसरं मूल तरी त्यात सापडतंच. आणि ते मूल बहुधा वर्गात ‘ढ’ म्हणून बसलेलं असतं, हे सांगताना मला वाईट वाटतं. मागच्या बाकावर, खिडकीशी, गप्प. फळ्यावर काय चाललंय ते कळत नाही म्हणून कंटाळतं, कंटाळलं की शेजाऱ्याशी बोलतं, बोललं की ओरडा खातं. त्याच्या डोळ्यांच्या दुखण्याची शिक्षा त्याच्या पाठीला!

तुम्ही विचाराल, दिसत नव्हतं तर त्याने सांगितलं का नाही? अहो, त्यालाच कुठे ठाऊक असतं! तुमच्या डोळ्यांनी जग कसं दिसतं ते तुम्हाला माहीत आहे, शेजारच्याच्या डोळ्यांनी कसं दिसतं ते कुणाला ठाऊक? ज्याची नजर हळूहळू अधू होत गेली, त्याला वाटतं की सगळ्यांना असंच दिसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला तिसरीत चष्मा लागला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती कौलं मोजतच. शाळेसमोरच्या घराचं छप्पर आजवर तिला एक तांबडा पट्टा वाटत होतं. त्यावर एकेक कौल सुटं दिसतं हे तिला आठव्या वर्षी कळलं.

म्हणूनच दुखणं सांगायची वाट पाहायची नाही, खुणा ओळखायच्या. हे काम डॉक्टरांच्या आधी आपल्याला करता येतं. आईबाबांना, शिक्षकांना, आणि हो, तुम्हालाही. तुमच्या बाकावरच्या दोस्ताला तुम्ही दिवसाचे पाच-सहा तास पाहत असता.

डोळ्याची लांबी

आधी थोडं डोळ्याच्या आत डोकावू. समोरच्या झाडावरून निघालेला प्रकाश डोळ्याच्या पारदर्शक पुढच्या भागातून, म्हणजे पारपटलातून आत येतो. बुबुळाच्या मधल्या काळ्या छिद्राला आपण बाहुली म्हणतो, तिच्यातून तो पुढे जातो. मग भिंगातून जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर पडतो. तिथे झाडाचं इवलंसं उलटं चित्र उमटतं. तिथून मज्जातंतू ती खबर मेंदूला देतात आणि मेंदू ते चित्र सुलटं समजून घेतो. खरं पाहणारा मेंदूच! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता खरी मेख. ते चित्र बरोबर पडद्यावर पडलं तरच स्पष्ट. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या माणसाचा सुमारे २४ मिलिमीटर. म्हणजे तुमची उंची वाढते तसा तुमचा डोळाही वाढतो. पण शर्ट वाढत्या अंगाचा शिवला आणि थोडा लांब झाला तर चालतं, डोळ्याचं तसं नाही. डोळा फक्त १ मिलिमीटर जास्त लांब झाला तर चष्म्याचा नंबर जवळजवळ ३ ने बदलतो! लांब झालेल्या डोळ्यात दूरच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं आणि पडद्यावर पोचेपर्यंत विस्कटतं. जवळचं दिसतं, लांबचं पुसट. ही झाली निकटदृष्टिता. तिला अंतर्वक्र भिंगाचा, म्हणजे ‘वजा’ नंबरचा चष्मा लागतो. डोळा आखूड राहिला तर उलटा प्रकार, दूरदृष्टिता. त्याला ‘अधिक’ नंबर. आणि पारपटलाचा गोलावा सगळ्या बाजूंनी सारखा नसेल, तर अक्षरांना सावली असल्यासारखी दिसते. चष्म्याच्या दुकानात ज्याला ‘सिलिंडर नंबर’ म्हणतात तो हाच.

आता एक फार जुना गैरसमज इथल्या इथे निकालात काढते. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ असं तुम्ही ऐकलं असेलच. नंबर वाढतो हे खरं, पण तो का? तर तुम्ही वाढता आणि तुमचा डोळाही वाढतो म्हणून! चष्मा खुंटीला टांगून ठेवलात तरी तो वाढायचा तेवढा वाढेलच, वर फळा दिसणार नाही तो वेगळाच. पायात चपला घातल्या म्हणून का पाय मोठे होतात?

मी काय काय पाहते

वर्गात शिकवताना माझं निम्मं लक्ष मुलांच्या मानेकडे आणि कपाळाकडे असतं. कुणी फळ्याकडे बघताना डोळे बारीक करतं, भुवया जवळ आणतं, जणू सुईत दोरा ओवतंय. कुणी मान एका बाजूला कलती करूनच वाचतं. एक-दोनदा नाही, कायम त्याच बाजूला. कुणी फळ्यावरचं न लिहिता शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं. आपण म्हणतो, ‘कॉपी करतोय!’ अरे, पण त्या वहीतली अक्षरं त्याच्यापासून एका फुटावर आहेत आणि फळा पंधरा फुटांवर, म्हणून तर नाही ना?

मधल्या सुट्टीत मैदानावर आणखी काही कळतं. झेल घेताना चेंडू अगदी तोंडाशी आल्यावर हात पुढे जातात. कबड्डीत पुढे असणारं पोर क्रिकेटमध्ये मात्र ‘मी पंच होतो’ म्हणून बाजूला राहतं. लांबून हाक मारली तर आवाजाने ओळखतं, हात हलवून बोलावलं तर बघत राहतं. एस.टी.च्या थांब्यावर तर फारच सोपी परीक्षा असते. बाकीची मुलं गाडी वळणावर असतानाच पाटी वाचतात आणि एक जण मात्र ‘कुठली रे, कुठली?’ असं विचारतो.

घरात दिसणाऱ्या खुणा वेगळ्या. पुस्तक नाकाला टेकवून वाचणं, मोबाइल अगदी तोंडाजवळ धरणं, टी.व्ही.च्या पुढ्यात जाऊन बसणं. सारखे डोळे चोळणं, डोळे मिचकावणं. शाळेतून आल्यावर कपाळ दुखणं, आणि सुट्टीच्या दिवशी मात्र ते न दुखणं. एक रांजणवाडी जाते न जाते तोच दुसरी येणं. यातली एखादी खूण कधीतरी दिसली तर लगेच घाबरून जाऊ नका. धूळ गेली तरी डोळे चोळतोच की आपण. पण दोन-तीन खुणा एकत्र आणि आठवड्यामागून आठवडे दिसल्या, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

दूरदृष्टितेचं मूल मात्र सहज निसटतं. त्याला फळा छान दिसतो! लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक असतं, की जोर लावून ते जवळचंही स्पष्ट करून दाखवतं. पण हा जोर सतत लावावा लागतो. म्हणून ते मूल पहिली पाच ओळी खडखडीत वाचतं, मग ओळी सुटायला लागतात, शब्दावर बोट ठेवावं लागतं, डोळ्यांत पाणी येतं आणि शेवटी पुस्तक मिटून ते पळून जातं. आपण म्हणतो, वाचनाची गोडी नाही. गोडी कशी असेल? प्रत्येक पान त्याला डोंगर चढल्यासारखं वाटत असतं.

एका डोळ्याची लबाडी

आता ज्या दुखण्याची मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते, त्याबद्दल सांगते. कारण ते कुणालाच दिसत नाही.

एक डोळा चांगला आणि दुसरा अधू असेल तर काय होतं? काहीच होत नाही! मूल वाचतं, धावतं, चेंडूही पकडतं. चांगला डोळा सगळा कारभार सांभाळतो. आठवतं, खरं पाहणारा मेंदू असतो म्हणून? तर मेंदूकडे एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र येतं, दुसऱ्याकडून पुसट. मेंदू मोठा हुशार. तो पुसट चित्राकडे लक्षच देईनासा होतो. असं वर्षानुवर्षं चाललं की त्या डोळ्याने पाहायला मेंदू शिकतच नाही. मग पुढे कितीही भारी चष्मा लावला तरी त्या डोळ्याला स्पष्ट दिसत नाही, कारण दोष आता नुसता डोळ्यात उरलेला नसतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत अँब्लिओपिया.

यावर उपाय आहे आणि तो मजेशीर आहे. योग्य चष्मा देतात आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात. हुशार गड्याला घरी बसवायचं, म्हणजे आळशी गडी आपोआप कामाला लागतो! पण हा उपाय सात-आठ वर्षांच्या आत केला तर सगळ्यांत चांगला लागू पडतो. पुढेही काही मुलांत सुधारणा होते, पण कष्ट जास्त आणि फळ कमी. म्हणजे चौथीत कळण्यापेक्षा बालवाडीत कळलेलं कितीतरी बरं.

म्हणून आजच घरी हा खेळ खेळा. भिंतीवर दिनदर्शिका आहे ना? तिच्यापासून दहा पावलं मागे या. खोली लहान असेल तर जमेल तितकं मागे. आधी उजवा डोळा झाका आणि डाव्याने तारखा वाचा, तिथी वाचा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. मग डावा झाका आणि उजव्याने वाचा. दोन्ही डोळ्यांनी सारखंच वाचता आलं का? इथे किती लांबून वाचलं याला फारसं महत्त्व नाही, दोन डोळ्यांत फरक पडतो का ते पाहायचं. डोळा झाकताना तळहाताची वाटी करा. बोटांनी झाकलात तर फटीतून चोरून बघाल, मला माहीत आहे तुम्ही! आणि डोळा दाबू नका, दाबलेला डोळा नंतर थोडा वेळ पुसटच बघतो. धाकट्या भावाबहिणीला वाचता येत नसेल तर त्याचा एकेक डोळा झाकून बघा. एक डोळा झाकल्यावर गप्प बसतो आणि दुसरा झाकला की हात झटकून रडायला लागतो, असं पुन्हा पुन्हा झालं तर आईला जरूर सांगा. त्याचा चांगला डोळा तुम्ही झाकला असेल!

तिरळेपणाचंही तसंच. काही घरांत अजून म्हणतात, ‘तिरळा म्हणजे नशीबवान,’ नाहीतर ‘मोठा झाला की आपोआप सरळ होईल.’ अगदी तान्ह्या बाळाचे डोळे पहिले काही महिने कधी कधी इकडेतिकडे भरकटतात, ते ठीक. पण सहा महिन्यांच्या पुढे डोळा तिरका दिसत असेल, मग तो कायम असो की फक्त दमल्यावर, तर तपासून घ्यायलाच हवं. कारण तिरक्या डोळ्याकडून येणारं चित्रही मेंदू नाकारतो आणि तोही डोळा आळशी बनू शकतो. इथे नशिबावर हवाला ठेवून चालत नाही.

ज्या खुणांना थांबायला वेळ नाही

पालकहो, हा भाग मुद्दाम तुमच्यासाठी.

लहान मुलाच्या बाहुलीत काळ्याऐवजी पांढरट झाक दिसली, किंवा फ्लॅश पाडून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा चमकताना दिसला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. फोटोतली पांढरी चमक कधी कधी नुसत्या कोनामुळेही येते. पण ती मोतीबिंदूची असू शकते, लहान मुलांनाही मोतीबिंदू होतो. किंवा डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या कर्करोगाचीही असू शकते. हा कर्करोग बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. वेळेवर सापडला तर मुलाचा जीव वाचतो आणि पुष्कळदा नजरही वाचते.

मूल दिवसा नीट वावरतं आणि तिन्हीसांजेला ठेचकाळतं, अंधार पडल्यावर अंगणात जायला कुरकुर करतं, तर ती भीती नसून रातांधळेपणा असू शकतो. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याची ती एक खूण. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसणं ही दुसरी. आपल्या देशात १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना आहे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत, दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ डोस. अंगणवाडीताई आठवण करतात तेव्हा ‘मागच्या वेळी दिलाय की’ म्हणू नका. आणि घरात शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा, गाजर, अंडं हे असतंच. पालेभाजीला तेलाची फोडणी देतो ते नुसत्या चवीसाठी नाही बरं का, हे जीवनसत्त्व अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते. मात्र एक सांगते, गाजर खाऊन चष्म्याचा नंबर उतरत नाही. तो डोळ्याच्या लांबीचा प्रश्न आहे, पोषणाचा नाही.

डोळ्याला मार लागला, विटी लागली, फटाक्याची ठिणगी गेली, डोळा लाल होऊन दुखू लागला, एकाचे दोन दिसू लागले, तर तूप, मध, गुलाबपाणी, काजळ असलं काही घालू नका. चुना किंवा रंग गेला तर मात्र आधी तिथल्या तिथे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि मग दवाखाना गाठा. मुलांनो, तुम्हीही लागलेलं लपवू नका. आंधळ्यांसाठी उठावाची लिपी तयार करणारा लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात चामडं टोचायच्या आरीशी खेळत होता. आरी एका डोळ्यात घुसली. पण गेले मात्र दोन्ही डोळे, कारण दुखणं दुसऱ्यातही पसरलं. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याच्यापुढे पूर्ण अंधार झाला होता. ही १८१२ सालची गोष्ट, तेव्हा औषधं नव्हती. आज आहेत.

टाचणीच्या छिद्राची जादू

आता एक प्रयोग. जुन्या पत्रिकेचा जाड कागद घ्या आणि आईकडून त्याला टाचणीने एक बारीकसं छिद्र पाडून घ्या. लांबचं जे अक्षर पुसट दिसतं, ते एक डोळा झाकून या छिद्रातून बघा. एकदम स्पष्ट झालं? मग बहुधा तुम्हाला चष्म्याचा नंबर आहे. छिद्रातून फक्त मधले, सरळ येणारे किरण आत शिरतात. चित्र विस्कटवणारे कडेचे किरण बाहेरच अडतात. फळ्याकडे बघताना मुलं डोळे बारीक करतात तेव्हा ती न शिकवता हेच करत असतात! छिद्रातूनही पुसटच दिसलं तर कारण वेगळं असू शकतं, तेव्हा डॉक्टरांकडे जाणं आणखीच जरुरीचं. सूर्याकडे मात्र या छिद्रातून कधीही बघायचं नाही, हं!

डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. हेर्मान स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी तो १८६२ मध्ये तयार केला. आपण ६ मीटरवर, म्हणजे जवळजवळ २० फुटांवर बसतो. सगळ्यांत वरचं भलंमोठं अक्षर साधारण पावणेनऊ सेंटिमीटर उंच असतं. निरोगी डोळ्याला ते ६० मीटरवरूनही वाचता येतं. ज्याला ६ मीटरवरून फक्त तेवढंच वाचता आलं त्याची नजर ६/६०. ज्याला एका सेंटिमीटरहूनही थोडं लहान अक्षर वाचता आलं त्याची ६/६. हे काही परीक्षेतले गुण नव्हेत, तेव्हा तक्ता आधी पाठ करून जाऊ नका! दरवर्षी एक तरी महाभाग तसं करतो. अक्षरओळख नसलेल्या छोट्यांसाठी इंग्रजी ‘ई’चा तक्ता असतो. त्या ई चे दात वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, ते हाताच्या बोटांनी दाखवायचं.

डॉक्टर मुलांच्या डोळ्यांत थेंब घालतात ते भिंगाला जरा विश्रांती द्यायला. मघाशी सांगितलं ना, लहान मुलांचं भिंग जोर लावून फसवतं. थेंबांनी ते ढिलं पडतं आणि खरा नंबर सापडतो. मग काही तास, कधी दिवसभरही, उजेड खुपतो आणि वाचता येत नाही. तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी तपासणीला जाऊ नका. थेंब न घालता, दुकानातल्या नुसत्या यंत्रावर लहान मुलाचा नंबर काढून चष्मा बनवणं मला पटत नाही. चष्म्याची भिंगं काचेची नकोत, न फुटणारी घ्या. आणि वर्षातून एकदा, नंबर भराभर वाढत असेल तर सहा महिन्यांनी, पुन्हा तपासा.

खर्चाची अडचण असेल तर हे माहीत असू द्या. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात गरजू शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सोय आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. पथक यायच्या दिवशी मुलाला शेतावर किंवा लग्नाला नेऊ नका. ज्या मुलाला पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळते, त्याने ती दप्तराच्या तळाशी न ठेवता घरी द्यायची. माझ्या अनुभवात अशा चिठ्ठ्या मुलींच्या घरी जास्त दिवस फडताळात पडून राहतात. ‘पोरीला चष्मा लागला तर उद्या लग्नाला अडचण,’ असं एका आजींनी मला तोंडावर सांगितलं होतं. नात तेव्हा दुसरीत होती. फळा न दिसता ती सातवीपर्यंत तरी पोचली असती का, असं मी त्यांना विचारलं. आजी जरा वेळ गप्प राहिल्या, मग नातीला घेऊन स्वतःच तालुक्याला गेल्या.

आणखी एक छोटी गोष्ट. काही मुलांना तांबडा आणि हिरवा यांत फरक कळत नाही. चित्रात ती झाडाची पानं तपकिरी रंगवतात, पिकलेली मिरची ओळखत नाहीत. हे जन्मतः असतं, मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये यासाठी रंगीत ठिपक्यांच्या पाट्या केल्या, त्यात लपलेला आकडा ओळखायचा असतो. यावर चष्मा नाही, पण त्याने वाचण्यालिहिण्यात काही अडत नाही. फक्त रेल्वेचं इंजीन चालवण्यासारख्या कामांना रंग ओळखणं लागतं. म्हणून हे बारावीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. चित्रकलेच्या तासाला त्याला कुणी हसू नये एवढं मात्र बघा.

बाहेर पळा!

चष्मा लागणं आपल्या हातात नाही, पण तो लांबवणं थोडंसं आहे. चीनमधल्या ग्वांगचौ शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या जवळजवळ ४० मुलांना निकटदृष्टिता आलेली, आणि मैदानावर जाणाऱ्या शाळांत सुमारे ३० जणांना. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. यामागे बाहेरचा उजेड असावा असं शास्त्रज्ञ मानतात. आपल्या खोलीत दिवा लावून जेवढा उजेड असतो, त्याच्या कित्येक पट उजेड भर दुपारी झाडाच्या सावलीतही असतो. तेव्हा आई ‘उन्हातान्हात हिंडू नको’ म्हणाली तर तिला सांगा, ‘सावलीत खेळतो, पण बाहेर खेळतो!’

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळा अभ्यास मोबाइलच्या पडद्यावर आला. पुढे शाळा उघडल्या, पण पडदा काही हातातून सुटला नाही. तो पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही, मीही व्हिडिओ दाखवतेच. पण पुस्तक असो की मोबाइल, हातभर लांब धरा. दर २० मिनिटांनी मान वर करून २० फुटांपलीकडचं काहीतरी २० सेकंद बघा. झाड, कावळा, शेजाऱ्यांची गच्ची, काहीही चालेल.

आणि रात्री आकाश बघा. एप्रिल-मे महिन्यात जेवणं झाल्यावर अंगणात किंवा गच्चीवर जा आणि उत्तरेकडे तोंड करा. सप्तर्षींचा पतंग आणि त्याची तीन ताऱ्यांची शेपटी दिसेल. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून एक मंद, बारीक तारा आहे, ती अरुंधती. पूर्वी अरब लोक याच जोडीवर नजरेची पारख करत. शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटात अरुंधती हरवते आणि ती दिसली म्हणजे डोळ्यांत काहीच दोष नाही असंही नव्हे. तरी बघा. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग तळहाताची वाटी करून एकेकाने. घरातल्या सगळ्यांना उभं करा, आजोबांनासुद्धा. आणि कुणाला कुठल्या डोळ्याने अरुंधती दिसली नाही, ते कागदावर लिहून ठेवा.